‘फल्व्हस’ म्हणजे नेमका कोणता रंग? तळ्याच्या फलकासाठी मदत पाहिजे

तळ्याकाठचा
राम राम मंडळी. आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे, शिवाय दोन-चार बोड्या. हिवाळ्यात पाखरं बरीच येतात. गावच्या जैवविविधता समितीनं ठरवलं की पाळीवर एक मोठा फलक लावायचा, पक्ष्यांची चित्रं आणि खाली मराठी नावं. नागपूरहून दुर्बीण घेऊन एक पाहुणे आले होते, त्यांनी यादी करून दिली, पण सगळी इंग्रजीत. बाकीची नावं जमली. एकावर गाडी अडली : ‘फल्व्हस व्हिसलिंग डक’.

व्हिसलिंग म्हणजे शिट्टी, डक म्हणजे बदक, तेवढं समजलं. फल्व्हस काय? मोबाईलवर भाषांतर पाहिलं तर ‘पूर्ण शिट्टी बदक’ असं काहीतरी आलं. एकानं सांगितलं की तो रंग आहे. पेंटर रोज विचारून रायला, ‘भाऊ, डब्बा कोणत्या रंगाचा आणू?’ कुणाला ठाऊक असेल तर अर्थ सांगा. शब्द आला कुठून तेही सांगा, सरपंच विचारतील.

कापूसकोंड्या
पूर्ण शिट्टी बदक! किती शिट्ट्यात शिजते म्हणे?

पाखरवेडी
कापूसकोंड्या भाऊ, अडई मारणं गुन्हा आहे, शिजवायचं नाव काढू नका. :)

तळ्याकाठचा, रंगच आहे तो. मूळ लॅटिन शब्द ‘फुल्वुस’. इंग्रजीत तो सतराव्या शतकापासून आहे, पण बोलण्यात कधीच रुळला नाही. लंडनच्या बाजारात कोणी ‘फल्व्हस साडी दाखवा’ म्हणणार नाही. वापरतात ते पक्षी, प्राणी, बुरशी, झाडं यांची वर्णनं लिहिणारे. अर्थ : पिवळ्यात तांबूस आणि तपकिरी मिसळलेला, चमक नसलेला रंग. पिवळा म्हणाल तर मळकट, तांबडा म्हणाल तर फिका.

या बदकाचं मराठी नाव ‘मोठी अडई’. शास्त्रीय नाव डेन्ड्रोसिग्ना बायकलर. आपल्याकडे तळ्यांवर जी नेहमी दिसते ती साधी अडई, डेन्ड्रोसिग्ना जावानिका. त्यामुळे यादीवर माझी जरा शंका आहे. फोटो असेल तर टाका.

अकोटकर
उच्चार फल्व्हस की फुल्व्हस? आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी ‘पुट’ आणि ‘कट’ शिकवतानाच हात टेकले होते.

पाखरवेडी
शब्दकोशात दोन्ही सापडतात. कुठलाही म्हणा, बदक ओ देणार नाही.

पुलगावकर_परदेशी
लॅटिनबद्दल थोडी भर. कॉलेजात दोन वर्षं ती भाषा घेतली होती, तिचा आजवर काही उपयोग झाला नाही, आज होऊ द्या.

रोमन कवी ‘फुल्वुस’ सढळ हातानं वापरतात. व्हर्जिलच्या ‘एनिअड’ या महाकाव्यात सिंहाचं कातडं फुल्वुस, सोनंही फुल्वुस आणि वाळूही फुल्वुस. आता सिंह, सोनं आणि वाळू शेजारी ठेवून बघा. तिघांचा रंग एक नाही, पण तिघांत एक नातं आहे. त्या लोकांना पट्टीवरचा ठरावीक रंग नको होता, तो सगळा पट्टाच एका शब्दात हवा होता. इंग्रजीनं शब्द उचलला तेव्हा त्यातलं सोनं गळालं आणि मळकटपणा उरला, हे माझं मत.

याच शब्दाशी नातं सांगणारं फुल्वियस नावाचं मोठं घराणं रोममध्ये होतं. मार्क अँटनीच्या एका बायकोचं नाव फुल्विया.

कापूसकोंड्या
म्हणजे आपल्या पिंगळे आडनावाचे पाहुणे निघाले.

गुरुजी_निवृत्त
कापूसकोंड्या, थट्टेत म्हणालात पण बरोबर बोललात. बत्तीस वर्षे संस्कृत शिकवले, म्हणून राहवत नाही.

अमरकोशात या रंगासाठी एका ओळीत सहा शब्द दिले आहेत : ‘कडारः कपिलः पिंगपिशंगौ कद्रुपिंगलौ’. कडार, कपिल, पिंग, पिशंग, कद्रु, पिंगल. सहाही जवळपास हाच पिवळट-तांबूस रंग दाखवतात. याशिवाय ‘बभ्रु’ आहेच, त्याचा एक अर्थ मुंगूस. भाषाशास्त्रज्ञ बभ्रु आणि इंग्रजीतला ‘बीव्हर’ हा प्राणी एकाच मुळातले मानतात.

यांतला कपिल आपल्या गोठ्यात आहे. कपिला गाय म्हटले की खेड्यातल्या म्हाताऱ्यालाही रंग डोळ्यांसमोर येतो. पिंगळा ज्योतिषी, पिंगळा घुबड, पिंगट केस, सगळे त्याच घरचे. आणि कद्रु म्हणजे सापांची आई. तिची विनतेशी पैज लागली ती उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीचा रंग कोणता यावरून. रंगावरून भांडण फार जुने आहे, बाळांनो.

सबब फलकावर ‘कपिलवर्णी अडई’ असे लिहावे असे सुचवितो.

सातबारा
गुरुजी, आमच्या गावात कपिलवर्णी लिहिलं तर लोक विचारतील कपिल वर्मा कोण, कोणत्या पक्षाचा.

झाडीपट्टीची_लेक
मी आंधळगावजवळची. तुम्ही सगळे संस्कृत आणि लॅटिनमध्ये शोधून रायले, आमच्याकडे तो रंग मागावर चढलेला आहे. कोसा, म्हणजे टसर रेशीम!

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोसाचा कोष कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, हातात घेतला तर टणक, नखानं दाबला तरी दबत नाही. त्याला वरून एक देठ असतो, त्यानं तो येनाच्या नाहीतर अर्जुनाच्या फांदीला घट्ट बांधलेला राहते. कोष काही पिवळट निघतात, काही राखाडी. सोड्याच्या पाण्यात उकळले की मऊ पडतात. आजी मांडीवर घासून घासून सूत काढायची, मांडीला तिथं कातडी गुळगुळीत झाली होती. न रंगवलेलं कोसाचं सूत सावलीत मातकट दिसते आणि उन्हात धरलं की मधासारखं. साडीच्या दुकानात लोक सरळ म्हणतात, ‘कोसा कलरमध्ये दाखवा’. कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझं मत : फल्व्हस म्हणजे कोसा रंग. फलकावर ‘कोसा अडई’ लिहा, झाडीपट्टीत एक म्हातारी अडखळणार नाही.

तळ्याकाठचा
वा ताई! हे समितीला आवडेल. समितीत ढिवर समाजाचे दोघं आहेत, त्यांच्या घरी पूर्वी कोसाचं काम होतं.

पाखरवेडी
ताई, वर्णन मस्त, पण मी पूर्ण सहमत नाही. कोसात तांबडं फार कमी. मोठ्या अडईचं डोकं आणि पोट दालचिनीच्या बाजूला झुकतं, कुशीवर सायीच्या रंगाच्या रेघा असतात. कोसापेक्षा ऊन जास्त आहे त्यात. शिवाय पक्ष्याचं ठरलेलं नाव ‘मोठी अडई’ असताना नवीन कशाला? पुढे कोणी यादीशी ताडून पाहिलं तर गोंधळ होईल.

झाडीपट्टीची_लेक
ठरलेलं नाव कोणी ठरवलं? पुण्या-मुंबईच्या पुस्तकात ठरलं असेल. तळं आमचं, पाखरू आमच्या धानात चरते, नाव ठेवायले मात्र आम्ही नाही?

पाखरवेडी
ताई, मी यवतमाळची आहे, पुण्याची नाही. :) स्थानिक नाव असेल तर अवश्य लिहावं, मी आनंदानं वहीत उतरवून घेईन. पण ते लोकांच्या तोंडी असायला पाहिजे. आपण इथं बसून बनवलेलं नाव स्थानिक कसं होणार?

अकोटकर
हा मुद्दा बरोबर आहे. गावात त्या बदकाला काय म्हणतात ते आधी विचारा ना.

तळ्याकाठचा
विचारलं. तीन म्हाताऱ्यांनी तीन नावं सांगितली, चौथा म्हणाला, ‘बदक’.

सातबारा
माझा एक वेगळाच प्रश्न. मी समुद्रपूरकडचा, कपाशीवाला. कृषी केंद्रातून ह्युमिक आणि फुल्विक ऍसिडची बाटली आणली होती. हे फुल्विक आणि तुमचं फुल्व्हस भाऊबंद आहेत का?

मृदगंध
आहेत, सख्खे. आणि ही गोष्ट मजेशीर आहे.

कुजलेल्या सेंद्रिय पदार्थापासून मातीत जो काळपट भाग तयार होतो, त्याचे प्रयोगशाळेत तीन हिस्से करतात. माती अल्कलीत, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात, हलवली की काही भाग विरघळतो, काही विरघळत नाही. न विरघळणारा तो ह्युमिन. विरघळलेलं पाणी गाळून त्यात ऍसिड टाकलं की काळा-तपकिरी गाळ तळाशी बसतो, ते ह्युमिक ऍसिड. वर जे पाणी उरते ते पिवळट, तांबूस झाक असलेलं, आणि त्यात जे विरघळलेलं राहिलं ते फुल्विक ऍसिड. स्वेन ओडेन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं १९१९ मध्ये हे नाव दिलं ते त्या रंगावरूनच. ह्युमिक हे नाव मात्र ‘ह्युमस’वरून, म्हणजे मातीवरून. एकाला नाव मातीचं मिळालं, दुसऱ्याला रंगाचं.

तेव्हा तळ्याकाठचा भाऊ, रंग डोळ्यांनी पाहायचा असेल तर सातबारांच्या बाटलीतलं थोडं पाणी काचेच्या ग्लासात पातळ करून उन्हात धरा. माल खरा असेल तर फल्व्हसच्या जवळपास काहीतरी दिसेल. पिऊ नका.

सातबारा
माझ्या बाटलीतलं तर काळंकुट्ट आहे, डांबरासारखं. वर मोठ्या अक्षरात फुल्विक लिहिलं आहे.

मृदगंध
मग त्यात ह्युमिक जास्त असेल. मिश्रण म्हणून विकतात, त्यात गैर नाही, पण लेबलावर टक्के काय लिहिले ते वाचा. २०२१ पासून ह्युमिक-फुल्विक पदार्थ जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत. त्यामुळे लेबलावर घटक आणि प्रमाण असायलाच पाहिजे, आणि बिलही मागायचं.

विळा_कोयता
बिल मागितलं तर दुकानदार म्हणते, ‘पुढच्या वेळी उधारी मागू नको.’ आमच्याकडं असंच चालते. मी दोन हंगाम ड्रेंचिंग केलं तुरीवर, म्हणजे मुळाशी ओतलं, मले तरी फरक दिसला नाही.

नागपुरी_संत्रं
मला दिसला. काटोलकडे संत्र्याला सूक्ष्म अन्नद्रव्यांबरोबर दिलं, पिवळी पडलेली पानं सुधारली.

विळा_कोयता
ते सूक्ष्म अन्नद्रव्यांनी सुधारली असतील. सोबत टाकलं त्याचं श्रेय बाटलीले काहून?

मृदगंध
दोघांचंही थोडं बरोबर. फुल्विक धातूंना धरून ठेवते, त्यामुळे लोह-जस्त झाडाला मिळायला मदत होऊ शकते. पण जिथं सेंद्रिय कर्ब बरा आहे तिथं फरक दिसणं कठीण. ज्याच्या शेतात शेणखत पडते त्यानं ही बाटली घेण्याआधी दोनदा विचार करावा. यावर वेगळा धागा काढा, नाहीतर बदक इथंच बुडेल.

ब्रश_आणि_डब्बा
मी बोर्ड रंगवतो, लाखांदूरकडे. पेंटरचा प्रश्न कोणी वाचलाच नाही राजेहो! डब्बा शोधू नका, असा डब्बा मिळत नाही. पिवडी घ्या, म्हणजे पिवळी माती. त्यात गेरू टाका, पिवडीच्या साधारण पाव हिस्सा, आणि काळ्याचा नुसता ब्रश बुचकळा. ऑइल पेंटमध्ये करायचं तर पिवळा, रेड ऑक्साइड आणि काळा. पांढरा टाकू नका, रंग खडूसारखा मरतो. आधी पत्र्याच्या तुकड्यावर लावून वाळू द्या, ओला असताना गडद दिसते.

तळ्याकाठचा
दादा, हे पेंटरला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘एवढ्यासाठी चार दिवस थांबवलं का, हा तर उंटाचा रंग.’

अकोटकर
मला एक समजत नाही. इंग्रजांकडे ब्राऊन होता, यलो होता. एवढे अवघड शब्द काढायची गरज काय होती? की नुसता पांडित्याचा भाव?

पुलगावकर_परदेशी
भाव होताच थोडा. पण गरजही होती. समजा तुम्ही १८५० साली जंगलात एक पक्षी मारला, कातडं लंडनला पाठवलं, त्याचा रंग वाटेत उतरला. छापील चित्रं महाग. मग दुसऱ्या खंडातल्या माणसाला तो पक्षी ओळखता यावा म्हणून शब्दांतच रंग पाठवायचा. ‘ब्राऊन’ लिहिलं तर निम्मी पाखरं त्यात बसतात. म्हणून लॅटिनमधून बारीक बारीक शब्द घेतले : ऱ्यूफस म्हणजे तांबूस, फेरुजिनस म्हणजे गंजाचा, लॅटिनमध्ये फेरम म्हणजे लोखंड. फल्व्हस या दोघांपेक्षा पिवळा.

तरी भांडणं संपेनात. एकाचा फल्व्हस दुसऱ्याचा ‘टॉनी’. मग रंगांचे छापील नमुने आले. पॅट्रिक साइमनं १८१४ मध्ये वर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या रंगनावांचं नमुन्यांसह पुस्तक काढलं, ते डार्विननं बीगल जहाजावर सोबत नेलं होतं. पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ रॉबर्ट रिजवे यांनी १९१२ मध्ये अकराशेहून जास्त रंगांचे तुकडे चिकटवून नावं दिली. तुमच्या साडीच्या दुकानातलं शेड कार्ड समजा.

आणि टॉनी हा शब्द चांभारकामातून आला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘तानं’, ओकच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा रंग.

विळा_कोयता
आमच्याकडं बाभळीच्या सालीत कमवत होते. माझ्या आजोबाची मोट त्याच रंगाची होती. नवी असताना बरं का, नंतर काळी पडली.

पाखरवेडी
आपल्या भागातली उदाहरणं देते, म्हणजे हे रंग डोक्यात बसतील. ऱ्यूफस : टकाचोर, इंग्रजीत ऱ्यूफस ट्रीपाय, कोणत्याही आमराईत दिसेल. फेरुजिनस : चक्रवाक, शास्त्रीय नावात ‘फेरुजिनिया’ आहे, हिवाळ्यात वैनगंगेच्या वाळूवर जोडीनं बसलेले असतात. फल्व्हस : ग्रिफॉन गिधाड, जिप्स फुल्वुस.

गुरुजींनी पिंगळा काढला म्हणून एक अवांतर. रानपिंगळा शंभरेक वर्षं कोणाला दिसला नव्हता, नामशेष झाला असं धरून चालले होते. १९९७ मध्ये तो नंदुरबारकडे पुन्हा सापडला, नंतर आपल्या मेळघाटातही.

गुरुजी_निवृत्त
चक्रवाक! संस्कृत काव्यातला विरही पक्षी. रात्रभर जोडीदाराला हाका मारतो. आता त्याला गंजलेल्या लोखंडाच्या नावाने ओळखायचे?

कापूसकोंड्या
रात्रभर थंडीत नदीवर बसल्यावर गंजणारच न गुरुजी.

तळ्याकाठचा
पाखरवेडी ताई, पाहुण्यांनी फोटो पाठवला, वर टाकला आहे. थवा उठताना काढला आहे. जवळून काढलेला नाही, पण एकाची पाठ साफ दिसून रायली. सांगा.

पाखरवेडी
छान, हाच फोटो पाहिजे होता. शेपटीच्या मुळाशी, पाठ संपते तिथं पाहा. मोठ्या अडईला तिथं पांढरट पट्टा असतो, उडताना इंग्रजी ‘यू’सारखा चटकन दिसतो. तुमच्या फोटोत तो भाग लालसर विटकरी आहे. मानेच्या मागची काळी रेघही नाही. ही साधी अडई.

पाहुण्यांचं नवल नाही, दोघी दिसायला जवळ. साधी अडईसुद्धा अंगानं तांबूस-पिवळटच. मोठी अडई दोन्ही अमेरिकांत, आफ्रिकेत आणि आपल्याकडे, अशी चार खंडांवर पसरली आहे, गंमत म्हणजे सगळीकडे सारखीच दिसते. भारतात मात्र ती मुख्यतः बंगाल-आसामकडची. आपल्या भागात दिसली तर पक्का फोटो पाहिजे.

कापूसकोंड्या
गुरुजी, तुमच्या कद्रूची पैज शेवटी शेपटीवरच आली!

गुरुजी_निवृत्त
आणि या वेळी कद्रूसारखी कुणी लबाडी केली नाही.

झाडीपट्टीची_लेक
म्हणजे फलकावर नुसतं ‘अडई’. त्याला माझी हरकत नाही. पण अंगाचा रंग कोसाच, ते मी सोडणार नाही.

तळ्याकाठचा
समितीला दाखवलं. ‘अडई’ लिहायचं ठरलं, खाली जागा सोडली आहे, गावचं नाव पक्कं झालं की तेही लिहू. पेंटरनं रंग आधीच कालवून ठेवला होता, तो तोंड पाडून बसला.

ब्रश_आणि_डब्बा
वाया नाही जात गा. अंगाला तोच लावा, पाठीला थोडा काळा वाढवा. शेपटीच्या मुळाशी नुसता गेरू, त्यात पिवडी नको. झाली साधी अडई. आणि वरून वॉर्निश मारा, पाळीवर दव लय पडते.

सातबारा
ते सगळं झकास झालं. माझ्या काळ्या बाटलीचं काय करू? अर्धी शिल्लक आहे.

मृदगंध
आधी माती तपासून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. सेंद्रिय कर्ब कमी निघाला तर दोन ओळींना द्या, दोन ओळी तशाच ठेवा, आणि बोंडं मोजून इथं लिहा. विळा_कोयता वाट पाहून रायले.

विळा_कोयता
मोजताना बिलाचा फोटोबी टाकजा.